हाण, उस्मानाबाद!

लातूरला आमच्या घरात दिवेलागणीच्या आधी भांडण लागायचं. नवरा-बायकोचं नाही, भावकीचं नाही, व्हॉलीबॉलचं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून यायचे, ग्रीसनं काळे झालेले हात रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे आणि अंगणातल्या बाजेवर मांडी घालून बसायचे. थोड्या वेळानं गफूरचाचा यायचे. त्यांचं शिलाईचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं, आणि दुकान बंद केलं तरी गळ्यातली टेप काढायचं त्यांना कधी सुचायचं नाही. सगळ्यात शेवटी भुजंगमामा, माझ्या मायचा धाकटा भाऊ. तोही एसटीतच, ड्रायव्हर. तो गल्लीत शिरायचा तोच खोडी काढत. "काय दाजी, आज दुपारच्याला डुलकी लागली तर शेषराव सपनात आला. म्हनला, भुजंगा, मला आता रिटायर करा रे." झालं! एवढं पुरायचं. पलीकडे डाळमिलची घरघर, डेपोतल्या गाड्यांचे हॉर्न आणि त्या सगळ्यांच्या वर आमच्या अण्णांचा आवाज. माय आतून म्हणायची, "लागलं बाई यांचं. आता भाकरी थंड झाल्याबिगर उठत न्हाईत."

त्या तिघांचे तीन खेळाडू होते. गफूरचाचांचा हमीद. तो निजामाच्या अमलात खेळलेला. चाचा सांगायचे, त्या वेळी नेट म्हणजे दोन बांबूंना ताणून बांधलेलं जाळं, चेंडू चामड्याचा आणि वरून नाडीनं शिवलेला. त्या नाडीनं मनगटाची सालटं निघायची आणि हमीद मनगटाला चिंधी बांधून खेळायचा. भुजंगमामाचा चंदर. तो तेव्हा खेळत होता, आत्ताचा, पायात कॅनव्हासचे बूट, उडी अशी की कंबर नेटला लागेल. आणि अण्णांचा शेषराव. तिघेही शूटर, म्हणजे नेटजवळ उडी मारून चेंडू पलीकडे आदळणारे गडी. चाचा म्हणायचे, "हमीदच्या हातात जो दम व्हता, तो आता कुटं ऱ्हायला? खामखा बूट घालून नाचतेत पोरं." मामा म्हणायचा, "चाचा, हमीदच्या पुढं ब्लॉकला हात कोन लावत व्हतं? कोनीच न्हाई. मोकळ्या रानात तर मीबी शूटर हाव." मग अण्णा हळूच सुरू करायचे, "दोगंबी गप बसा, म्या सांगतो." आणि ते चहाचे कप बाजेवर मांडायचे. हा चेंडू वर उचलून देणारा लिफ्टर, हा शूटर, हे पलीकडून हात वर करून अडवणारे ब्लॉकवाले दोघं. कुठल्यातरी जुन्या फायनलचा शेवटचा गेम ते एकेक पॉइंट करून पुन्हा खेळवायचे, आणि कपातला उरलेला चहा बाजेच्या सुतळीवर सांडायचा. आता माझा नातू मोबाइलवर अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांवरून भांडतो. जुना मोठा का नवा मोठा, कुणाच्या काळात डिफेन्स होता न् कुणाच्या काळात नव्हता, लाल होतो नुसता! मी त्याला म्हणते, बाबा रे, हे भांडण मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकते आहे. तो म्हणतो, आजी, तुला नाही कळायचं. बरं बाबा, नाही कळायचं.

शेषराव औश्याकडच्या खेड्यातला, अण्णांच्या गावचा आणि आमच्याच वस्तीतला. मी त्याला कधी पाहिलं नाही, माझ्या जन्माआधीच तो कावीळ होऊन गेला. पण अण्णा त्याच्यासाठी भांडायचे ते नुसत्या खेळासाठी नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. अण्णा लहान असताना त्या गावात आमच्या माणसांना विहिरीला हात लावू देत नव्हते. कुणीतरी वरून ओंजळीत पाणी वाढायचं. आणि मैदानावर मात्र शेषरावनं मारलेला चेंडू लांब गेला की मोठ्या घरची पोरं पळत जाऊन तो उचलून आणायची, छातीशी धरून. अण्णांनी हे आम्हा दोघी बहिणींना, विमलताईला आणि मला, एकदाच सांगितलं. म्हणाले, "सगळं मैदान वरडत व्हतं, हाण, उस्मानाबाद, हाण! म्याबी वरडलो. त्या सगळ्या पोरायच्या मधी हुबा राहून वरडलो. तवापतुर म्या गावात मोठ्यानं कदी बोललोच न्हवतो गं." आमचा सगळा मुलूख तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता, म्हणून आरोळी उस्मानाबादची. ती आमच्या घरात मीठ-मिरचीसारखी वापरात होती. पेटीचं गंजलेलं कुलूप निघेना, हाण, उस्मानाबाद. चिखलात रुतलेला हातगाडा ढकलायचाय, हाण, उस्मानाबाद. अण्णा आम्हाला खांद्यावर बसवून मॅच दाखवायला न्यायचे तेव्हा ताई त्यांचे केस धरून हेच ओरडायची, आणि मी तिचं ऐकून बोबडं काहीतरी ओरडायचे.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. बँड वाजले, ट्रकमधून गुलाल उधळला, आणि तो धुवायला कुणाकडे पाणी नव्हतं. दुष्काळ चालला होता. लोक पुढचे दोन दिवस गुलाबी तोंडानं कचेरीत, बाजारात, दवाखान्यात हिंडत होते. वर्कशॉपमधून अण्णाही तसेच आले, आणि माय त्यांना बघून पदर तोंडाला लावून हसली. तिला त्या दिवसांत हसताना मी फारसं पाहिलं नाही. टँकर आला की गल्लीत घागरींची रांग, टँकर नाही आला की लांबच्या हापशावर. हापसा मारायचं काम विमलताईचं, डोक्यावरून वाहायचं माझं. घरात हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी न् भाकर, भाजीचं नाव नाही. तुरी जळून गेल्या म्हणून डाळमिलसुद्धा बंद पडल्या, आणि मला आठवतं, त्यांची घरघर थांबल्यावर कितीतरी दिवस आम्हाला झोप नीट लागत नव्हती. तरी अंगणातलं भांडण बंद पडलं नाही. उलट त्याला नवीन फाटा फुटला. मामा म्हणाला, "दाजी, आता शेषराव लातूरचा झाला बरं का. औसा लातूरात आलंय." अण्णा भडकलेच. "मेल्यावर मानसाचा जिल्हा बदलतो व्हय रे? तो खेळला उस्मानाबादकडून, जितला उस्मानाबादकडून. सरकारनं रेघ मारली म्हून त्याच्या मॅची काय इकडं उचलून आनतो का?" गफूरचाचा म्हणाले, "मग माझा हमीद तुळजापुराकडचा. तो तिकडंच ऱ्हायला. म्हंजे आता आपन दुश्मन?" सगळे हसले. माय आतून ओरडली, "खेळत कोनीच न्हाई, बोलून बोलून घसे वाळवतेत, आन चहाला पानी माझं जातंय!"

खेळणारं एक माणूस घरात होतं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. विमलताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, उंच, लांब हातांची, बोलायला कमी. जुन्या जिल्ह्याच्या मुलींच्या टीममध्ये लातूरच्या मुलीला जागा मिळणं कठीण असायचं. नवीन जिल्हा झाला तशी त्याची स्वतःची टीम पाठवायची वेळ आली, आणि शाळेतल्या खेळाच्या बाईंनी ताईला घेतलं. मैदानावर मारायला पाणी नव्हतं, त्यामुळे फुफाटा गुडघ्यापर्यंत. प्रॅक्टिस करून आलेल्या मुली भट्टीतून काढल्यासारख्या दिसायच्या. ताई तशीच येऊन हापशाला लागायची, कारण तिच्या अंगाला लावायचं पाणीसुद्धा तिलाच आणायचं होतं. अण्णांनी तिला खेळू नको असं एका शब्दानं म्हटलं नाही, हे सांगायला हवं. त्या काळात आमच्या गल्लीत तेही थोडं नव्हतं. पण कशी खेळतेस हेही कधी विचारलं नाही. मैदान डेपोच्या वाटेवर होतं, तरी तिथे थांबलेले आम्हाला कधी दिसले नाहीत. एका संध्याकाळी भुजंगमामानं विषय काढला, "दाजी, आपली विमलबी शूटर झाली की. शेषरावच्या मानानं कशी हाय म्हनावं?" अण्णा कप मांडता मांडता म्हणाले, "कुटं काय बोलायचं त्याचा काई पाचपोच हाय का तुला? पोरींचं कुटं काडलंस मधीच?" ताई दारात बसून कंदिलाची काच पुसत होती. तिनं काच पुसणं थांबवलं नाही. पण रात्रीची अंथरुणं घालताना मला म्हणाली, "नंदे, एकदा अण्णांनी माझं नाव त्या शेषरावच्या शेजारी घ्यावं. वर नको गं. शेजारी." मला रडूच आलं. मी म्हटलं, त्यांना सांगू का? तर तिनं माझा हात असा दाबला की दुसऱ्या दिवशी निळा पडला होता.

विभागीय स्पर्धा नांदेडला होत्या. ताईला सोबत म्हणून मला पाठवायचं ठरलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी अण्णा म्हणाले, "म्याबी येतो. रजा टाकलीय." का, कशाला, काही नाही. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली. पुलावरून गोदावरी दिसली तेव्हा गाडीतल्या सगळ्या मुली एका बाजूला झाल्या. पात्र निम्मं उघडं पडलं होतं, नांदेडचे लोक त्याला दुष्काळच म्हणत असतील, पण आम्ही "अगं केवढं पाणी!" म्हणून ओरडत होतो. उतरलो त्या शाळेत नळ होता आणि तो सोडला की पाणी यायचं. ताईनं ओंजळ धरली आणि ती इतकी पीत राहिली की बाई म्हणाल्या, अगं पोटात दुखेल. संध्याकाळी अण्णा आम्हाला गुरुद्वाऱ्यात लंगरला घेऊन गेले. डाळ, फुलके, खीर. वाढणारा सरदारजी वाकून वाकून आग्रह करत होता. अण्णांनी खिरीची वाटी दोनदा घेतली आणि हळूच म्हणाले, "कोनाचा कोन म्हून इचारलं न्हाई बग." त्या रात्री ते खुशीत होते. ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मारताना कोपर खाली पडू देऊ नको." म्हणजे त्यांनी तिचा खेळ कधीतरी पाहिला होता! ताई माझ्याकडे बघून अशी हसली की तसं हसणं पुढे तिच्या लग्नातही दिसलं नाही.

लातूरच्या पोरी फायनलला जातील असं कुणालाच वाटलं नव्हतं, आमच्या बाईंनाही नाही. गेल्या. आणि समोर आलं कोण, तर उस्मानाबाद. मी आणि अण्णा मैदानाच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर बसलो होतो. ताई खेळत होती ते आज डोळे मिटले तरी दिसतं. एरवी घरात पाय न वाजवता चालणारी ती पोरगी धावत यायची, उडायची, आणि चेंडू जमिनीवर आदळल्याचा आवाज आम्हाला भिंतीत जाणवायचा. ती उडाली की अण्णांचा उजवा हात आपोआप वर जायचा. पहिला गेम आम्ही जिंकला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात आमचे चौदा झाले, त्यांचे तेरा, आणि सर्व्हिस ताईची आली. गेम पंधराचा, आणि तेव्हा सर्व्हिस असेल त्यालाच पॉइंट मिळायचा. एक पॉइंट, की संपलं. सगळं मैदान चिडीचूप झालं. ताईनं चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, डाव्या हातावर घेतला. आणि माझ्या शेजारी अण्णा उभे राहिले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि सगळा जीव एकवटून ओरडले,

"हाण, उस्मानाबाद, हाण!"

ते तोंडातून गेल्याबरोबर त्यांना कळलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते. त्यांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. पण गेलेलं परत कसं येणार? उस्मानाबादच्या पोरींना वाटलं आपलं माणूस आहे. त्यांनी टाळ्या पिटल्या, त्यांच्या बाजूची माणसं तीच आरोळी द्यायला लागली, आणि आमच्या बाई मागे वळून बघायला लागल्या की हा कोण. ताईनं मान वळवली. क्षणभर तिनं अण्णांकडे पाहिलं. मग हात फिरवला. चेंडूचं काय झालं ते मला माहीत नाही, मी अण्णांना बघत होते आणि त्यांनी तोंडावर हात घेतले होते. शिट्टी वाजली आणि सर्व्हिस उस्मानाबादला गेली, एवढं कळलं. त्यांनी लागोपाठ तीन पॉइंट काढले आणि सोळा-चौदानं फायनल नेली. मैदानभर तीच आरोळी. अण्णांना त्या आरोळीनं जन्मभर जे दिलं होतं ते सगळं त्या पाच-सात मिनिटांत काढून घेतलं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला फक्त त्यांचा राग आला होता. इतका राग की त्यांच्या शेजारून उठून मी दुसरीकडे जाऊन बसले.

परतीच्या गाडीत ताई मागे मुलींबरोबर, अण्णा पुढे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. बाहेर काळ्या रानात भेगा पडलेल्या, कुठे कुठे खडी फोडणारी माणसं डोक्यावर फडकी टाकून बसलेली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा अण्णांनी केळी घेतली आणि ताईच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. "विमल, खाऊन घे, बाळा." ताईनं पडद्यासारखी ओढणी तोंडावर ओढली. गाडी सुटेपर्यंत ते तसेच उभे. शेवटी कंडक्टर म्हणाला, "काका, चढा की." घरी आल्यावर मीच मायला सगळं सांगितलं. माय आधी खुदकन हसली आणि मग कपाळावर हात मारून रडायलाच बसली. "आगं माय माय माय, काय केलं या मानसानं! आन करनार तरी काय, तेच येतंय त्याच्या तोंडात." ताई हापशावर जायची, प्रॅक्टिसला जायची, भाकरी करायची, पण अण्णांशी एक अक्षर नाही. अण्णा कामावरून आले की आत भिंतीकडे तोंड करून पडायचे. गफूरचाचा आणि मामा यायचे, बाजेवर थोडा वेळ बसायचे, हमीद नाही, चंदर नाही, एकमेकांना दुष्काळाचं काहीबाही विचारायचे आणि उठून जायचे. आमचं अंगण इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, भीती वाटायची.

एका संध्याकाळी अण्णा आपणहून बाहेर आले आणि बाजेवर बसले. मामाला हरल्याचं कळलं होतं, बाकी काही नाही. तो म्हणाला, "दाजी, मॅच तर सांगा. आमी काय परके हाव का?" अण्णांनी मायकडून कप मागून घेतले आणि मांडले. हा कप लिफ्टर म्हणाले, हा ब्लॉक, आणि कान तुटलेला कप उचलून म्हणाले, "ही विमल." मग त्यांनी पहिल्या गेमपासून सगळी मॅच सांगितली, जशी हमीदची आणि शेषरावची सांगायचे तशीच, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. ताईनं कुठल्या कोपऱ्यात मारलं, कुठे ब्लॉक फसवला, एकदा पडून कसा उचलला. चौदा-तेरापर्यंत आले आणि थांबले. मग म्हणाले, "आन म्या उटून वरडलो. हाण, उस्मानाबाद." गफूरचाचांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली आणि नुसती गुंडाळत राहिले. "या अल्ला," अण्णांकडे बघून म्हणाले, "किसन, तू?" अण्णा म्हणाले, "म्याच. आता मला इचारा, शेषराव मोठा का विमल मोठी. इचार, भुजंगा." आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "शेषरावच्या मागं सगळं मैदान व्हतं रे. म्याबी व्हतो. सगळ्यायचं बळ घेऊन त्यो मारत व्हता. हिनं एकलीनं चौदापतुर नेलं, आन तितं हिचा सख्खा बापच हिच्या इरोधात वरडला. शेषरावला असं एकदाबी खेळावं लागलं न्हाई. म्हून त्याच्या शेजारी हिलाबी बसवा. सर्व्हिस नेटला लागली, ती तिची चुकी न्हाई. माझा आवाज ऐकून पोरीचा हात कापला."

"नेटला न्हाई लागली."

ताई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. हाताला पीठ होतं.

"लागली, विमल," अण्णा म्हणाले. मॅचचा मुद्दा आला की त्यांना राहवायचं नाही. "लागली म्हूनच तर सर्व्हिस गेली."

"तुमी बगितलं कुटं? तुमी तोंडावर हात घेतले व्हते. नेटच्या हातभर वरून गेला चेंडू, आन मागच्या लाइनीच्या भाईर पडला. हात कापल्यावर तितवर जातो का कदी?"

अण्णांनी गफूरचाचांकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, पण त्या दोघांपैकी कुणी नांदेडला आलंच नव्हतं.

"मंग कशानं गेला?"

"रागानं," ताई म्हणाली. "माझा हात न्हाई कापला, अण्णा. लई राग आला व्हता मला तुमचा. म्हून जोर जास्त लागला."

अण्णांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग ते बाजेवर सरकले, मामालाही सरकायला लावलं, मधे एका माणसापुरती जागा केली, आणि सगळे कप तिच्याकडे ढकलले.

"बस," ते म्हणाले. "कुटून मारली, दाखव."